कोणाचं रक्त?

नलूने श्वास रोखून धरला. वासुदेवरावांनी काचेची नळी भिंतीला टेकवली, तिची रबरी शेपटी तोंडात धरून हलकेच ओढ घेतली, आणि टम्म फुगलेला डास सुळकन आत! वर्ध्याहून अधूनमधून येणाऱ्या या हिवतापवाल्या साहेबाचं काम म्हणजे अजबच होतं बुवा.

“पोट लाल काऊन हाय हो त्याचं?” तिने विचारलं.

“त्याचं नाही, तिचं. ही मादी. नर रक्त पितच नाही. हिला अंड्यांसाठी लागतं. आणि एकाच्या अंगातला हिवताप दुसऱ्याच्या अंगात हीच नेऊन सोडते.”

आतल्या खोलीत नलूचा नवरा रूपराव तीन गोधड्यांखाली कुडकुडत होता. दिवसाआड हीव भरायचं. तोंडाची पार रया गेली होती. नलूचा जीव नुसता टांगणीला लागलेला. चोपन्न साल, गावात डास मारायचा फवारा पहिल्यांदाच आला होता. औषधवाली माणसं पंप घेऊन अंगणात ताटकळत बसली होती, पण सासू, पंचफुला, उंबऱ्यात ठाण मांडून.

“ताप मच्छरानं नाई आला,” ती म्हणाली. “बैलाईले घरातून हाकललं ना, त्याईचा तळतळाट हाय हा. फवारा बिवारा काई नाई पाह्यजे.”

रोख नलूवर होता. देवळीला चार बुकं शिकलेली सून. शेणामुताचा वास नको म्हणून याच अक्षय तृतीयेला तिने हट्टाने पडवीतले दोन्ही बैल वावरातल्या नव्या गोठ्यात न्यायला लावले होते. आत्याबाईंच्या या बोलण्याचं तिला हसूच यायचं. मच्छर काय बैलांना विचारून चावतात?

वासुदेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. “आजी, गेल्या भादव्यात याच घरातून चाळीस डास नेले होते. पोटातलं रक्त तपासायला पाठवलं. कोणाचं निघालं असेल?”

“आमचंच. दुसऱ्या कोणाचं?”

“छत्तीस डासांत बैलाचं. यंदा श्रावणात नेले, त्यांत बहुतेक माणसाचं. बैल जवळ असला की ही मादी आधी त्यालाच चावते. आणि आपला हिवताप काही बैलाला होत नाही.”

नलूने मनात हिशेब केला: श्रावणात बैल पडवीत नव्हते. म्हणजे हा ताप आपणच घरात आणला? आता आत्याबाई गावभर डंका पिटणार. बैल परत पडवीत बांधणार आणि फवारा दारातूनच वाटेला लावणार. तिला वर बघवेना.

पंचफुला कागदाकडे बघत राहिली. अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दारातून बाजूला झाली.

“मारा घरात फवारा,” ती म्हणाली. “पण पहिले गोठ्यात जा. इतके साल आमच्या वाट्याचे चावे त्याईनंच सोसले.”