प्रकरण उघडत नाही

"बालपण उघडत नाहीये," मामा म्हणाले. "तारुण्यही नाही."

भाचीने खुर्ची पुढे ओढली. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मामेभावाचा फोन आला तशी ती शटर ओढून निघाली होती.

मामा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. गेली तीन वर्षं जेवण झालं की ते या खोलीचं दार लावून आत्मचरित्र लिहीत. तेवढा वेळ घरात टीव्ही बंद, मिक्सरसुद्धा बंद. उद्या मुलगा येऊन ते छपाईला नेणार होता. आणि नेमका आजच सगळ्या फाइलींनी संप पुकारला होता.

भाचीने एकेक प्रकरण उघडून पाहिलं. 'फाइल खराब आहे' याखेरीज पडदा दुसरं बोलेना. तिने त्या आपल्या लॅपटॉपवर घेतल्या. तिथेही तेच.

"उघडतील का गं?" मामींनी दारातून पुन्हा विचारलं. हातातला चहा केव्हाच निवला होता.

"तिला काम करू दे," मामा म्हणाले. मग भाचीकडे वळून, "आणि नसेल जमत तर राहू दे. नशिबाचा भाग असतो."

'नोकरीतले दिवस' हे प्रकरण तिला भलतंच जड वाटलं. नुसता मजकूर एवढी जागा खात नाही. तिने फाइलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइल कसली ते सांगणारी टिंबापुढची अक्षरं, बदललं आणि हेडफोन कानाला लावले.

नोकरीतले दिवस गाऊ लागले. चांगलं तालासुरात, जुनं प्रेमगीत.

तिने 'माझे आदर्श'ही तसंच उघडलं. तिथे बँड वाजत होता.

तिने हळूच मामांकडे पाहिलं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, ते मामा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मामी चहा गरम करायला आत गेल्या होत्या.

"एक ओळसुद्धा नाही?" तिने कुजबुजत विचारलं.

"शीर्षकं तयार आहेत," मामा म्हणाले. "पुढे लिहायला बसलं की झोप येते गं. आता तुझ्या मामीला काय तोंड दाखवू? तीन वर्षं बिचारी पावलं न वाजवता वावरतेय."

मामी चहा घेऊन आल्या. भाचीने हेडफोन काढून ठेवले.

"मामी, सगळं गेलं. काही हाती लागणार नाही. मामांना पहिल्यापासून लिहावं लागेल."

मामी मटकन खाली बसल्या. मामांनी सुस्कारा सोडला आणि तो दुःखाचा वाटेल इतपत लांबवला.

निघताना मामी तिला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मागे वळून खोलीचं दार लागलंय ना ते पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"सांभाळून घेतलंस, बाई. काल अर्ध्या गाण्यांची नावं बदलेपर्यंतच त्यांचा डोळा लागला. उरलेली मी बदलली."