आळीचं जेवण

उंदीर चुलीमागं पडला होता, पाय वर करून. तुळसानं तो बघितला आणि हातातलं पेजेचं तपेलं तसंच खाली ठेवलं. तिनं नवऱ्याला हाक मारली.

भागोजी सुतार आत आला. वाकून बघितलं. मांजरानं धरल्याची खूण नाही, रक्ताचा टिपूस नाही. असा उंदीर पडला म्हणजे गाठीचा ताप घरात शिरला, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्युनिसिपालटीत वर्दी द्यायची. मग शिपाई येणार, दारावर फुली मारणार, आणि सगळ्या आळीनं भांडीकुंडी उचलून गावाबाहेर सड्यावरच्या, उघड्या माळावरच्या झोपड्यांत जाऊन राहायचं. दोन महिने तरी.

"जा, सांगून या," तुळसा म्हणाली. "विमला इथंच निजते, चुलीच्या उबेला."

विमला म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पाच वर्षांची. भागोजी तरी हलला नाही. आज बुधवार होता आणि आळीचं जेवण रविवारी होतं.

हे जेवण सुखासुखी जमलं नव्हतं हो. दरवर्षी माघात सगळी आळी एका पंगतीला बसायची. वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची मिळून एकोणीस घरं. दोन वर्षांमागं पहिल्या पंगतीला कुणी बसायचं यावरून जुंपली, भरल्या पत्रावळी उलथल्या. जेवण बंद पडलं आणि त्यामागं सगळंच बंद पडलं. वरच्यांच्या बाळंतिणीला खालच्या बाया विचारीनात. वरच्या अंगाच्या सावित्रीकाकूचा नवरा गेला, तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस बंदरावरून आणावा लागला. भरल्या आळीत! त्या दिवशी भागोजीनं मनाशी घेतलं, हे असं चालायचं नाही. वर्षभर त्यानं सगळ्यांचे उंबरठे झिजवले. खालच्या अंगाचा दादू तांडेल, होडीवाला, मोठा तापट. तो तर त्याला दारातही उभा करीना. त्याच्या भागोजी चक्क पाया पडला.

शेवटी दादू म्हणाला होता, "तुझ्या तोंडाकडं बघून येतंय हां, भागोजी. पण यंदा मोडलं, तर पुन्हा आमचं नाव काढू नको."

आणि आता तेच मोडायचं? भागोजीच्याच चुलीमागच्या उंदरानं?

"चार दिवसांचा प्रश्न हाय," तो बायकोला म्हणाला. "सोमवारी उजाडताच वर्दी देतो."

"आणि पोरीला काय झालं तर?"

"तिला पडवीत निजव. काय होत नाय गो."

त्यानं परसात घासलेट ओतून उंदीर जाळला. तुळसानं घर तीनतीनदा सारवलं. चार दिवस ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. विमलाला मात्र पडवीत निजायची मोठी गंमत वाटली.

रविवारी जेवण झालं, आणि काय झालं म्हणून सांगू! दोन्ही अंगांच्या बाया एका चुलीपाशी बसल्या. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर. पहिली पंगत, दुसरी पंगत, कुणी ब्र काढला नाही. दादू तांडेल स्वतः कमरेला पंचा बांधून वरच्या अंगाला भात वाढत होता. सावित्रीकाकूच्या पानापुढं तो थबकला, म्हणाला, "काकू, चुकलं आमचं." म्हातारीला रडू आवरेना. जो तो दुसऱ्याला आग्रह करत होता, जसं काही पुन्हा भेटायचंच नाही. एवढी माणसं आपल्या शब्दावर आली आणि आपण त्यांच्या पानात विष वाढलं, असं भागोजीला वाटत राहिलं. एवढ्या सगळ्या भल्या माणसांत चोर तो एकटाच होता. तुळसाच्या मांडीवर बसून विमला खिरीची दुसरी वाटी चाटत होती.

सोमवारी पहाटे विमलाचं अंग तव्यासारखं तापलं. जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. तुळसा रडली नाही, ओरडली नाही.

"आता तरी जा," एवढंच म्हणाली.

भागोजी धावत सुटला. वाटेत त्यानं ठरवून टाकलं, सगळ्या आळीपुढं उभं राहून सांगायचं. मारतील तर मारू देत. पोर तेवढी वाचू दे, देवा.

म्युनिसिपालटीचं दार अजून उघडलं नव्हतं. पायऱ्यांवर माणसं बसली होती. दादू तांडेल होता, सावित्रीकाकू होती, वरची, खालची, दहाबारा घरची माणसं होती. भागोजीला वाटलं, यांना कळलं. आपलीच तक्रार घेऊन आलेत सगळे.

त्यानं तिथंच रस्त्यावर हात जोडले. "माझं चुकलं. माझ्या घरात बुधवारीच पडला उंदीर. मी लपवला. माझी विमला तापलीय आता. मला काय करायचं ते करा."

कुणी उठलं नाही. कुणी शिवी दिली नाही.

"माझ्याकडं शुक्रवारी पडले रे, दोन," सावित्रीकाकू पदराआडून म्हणाली.

"आमच्यात गुरुवारी," मागून एकजण पुटपुटला. तिसऱ्यानं शनिवार सांगितला.

दादू तांडेलाचे डोळे सुजले होते. त्यानं भागोजीचा हात धरून त्याला आपल्याजवळ पायरीवर बसवलं.

"आमच्यात तुझ्याही आधी पडला, भागोजी. गेल्या सोमवारी. पण तू वर्षभर एवढा राबलास रे, मोडायला जीव झाला नाय."