खिडकीतून धरलेली जागा

चोपड्याला एसटीच्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरण्यात दिपमालाचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुण्यात आल्या दिवशी तिने सिटी बसवरही तेच केलं. “आजोबा, जागा धरा हं!” खिडकीशी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला ओरडून सांगत ती मागच्या दाराकडे पळाली. ते फक्त उतरायचं दार होतं. पुढचं गाठेपर्यंत ते आपोआप मिटलं आणि बस गेली. पिशवीत मोबाइल, पाकीट, हॉल तिकीट होतं. वयात बसणारी शेवटची तलाठी परीक्षा होती. केंद्राचं फाटक नऊला बंद होणार. रस्ता विचारत चार किलोमीटर धावून ती दोन मिनिटं उशिरा पोहोचली. “भाऊ, मन्हं हॉल तिकीट बसमां गयं!” वॉचमन धुळ्याचा निघाला. “आजोबा पत्ता वाचीसन दी ग्यात. पिशवी टायमावर उनी, बहीण. तूच रही गई.” पिशवी बंद फाटकाच्या गजांतून सहज बाहेर आली. दिपमालाने त्याच फटीत डोकं घालून पाहिलं.