टीव्हीच्या खालची पट्टी

“पट्टी सुरू आहे ना गा, सुकराम?” केशोराव पटल्यांनी पुन्हा विचारलं.

“सुरू आहे काका. सकाळपासून सुरू आहे,” सुकराम म्हणाला.

खोटं नव्हतं ते. सुकरामच्या केबलवर टीव्हीच्या तळाशी सकाळपासून अक्षरं सरकत होती: जमुनाबाई केशोराव पटले यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून अकरा वाजता. देवरीत कोणी गेलं की आधी केबलवाल्याकडे माणूस धाडायचा, मग लाकडांचं पाहायचं, अशीच रीत पडून गेली होती. पट्टी वाचून गल्ल्याच्या गल्ल्या निघायच्या. मातीला गर्दी अशी, की अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

आज अकरा वाजून गेले तरी अंगणात आजूबाजूची तेवढी माणसं, केशोरावांचा मुलगा आणि तिरडी बांधणारे दोघे. बस्स. तिरडी बांधून तयार होती. जमुनाबाई पडवीत निजवलेली.

“थोडं थांबू,” केशोराव मुलाला म्हणाले. “लोकं वाचून निघाले असतीन. येतेत.”

सुकरामला तिथून पळून जावंसं वाटलं. पट्टी होती, पण वाचणारं कोण होतं? घरोघरी वायफाय आलं होतं. ज्याला जे पाहिजे ते तो मोबाईलवर पाही, नाहीतर टीव्हीला नेट जोडून पाही. लोकांच्या घरचे केबलचे डब्बे सुकरामनं स्वतःच्या हातांनी काढून आणले होते, खोलीत त्यांची रास पडली होती. उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक हे. येत्या सोमवारी केबलचं मशीनच उचलून न्यायला गोंदियाचा माणूस यायचा होता, मग पट्टीही बंद. थकला होता सुकराम. आता कोणाशी वाद घालायचंही त्राण राहिलं नव्हतं.

पण केशोरावांना हे सकाळी सांगायची हिंमत त्याला झाली नाही. रात्रीतून बायको गेलेला माणूस थरथरत्या आवाजात मजकूर सांगत होता. त्याला कसं म्हणायचं, काका, ही पट्टी आता तुमच्यासारख्या दोन-चार घरीच दिसन? गावाच्या ग्रुपवरही टाकून पाहिलं होतं त्यानं. लगेच त्याच्या खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन बसला, मग आणखी केक, मग फुलं. जमुनाबाई कुठल्या कुठे वर सरकून गेली.

“ते तं कोनाचीच माती चुकवत नव्हती गा,” केशोराव एकाएकी बोलले. “चहा पिता पिता पट्टी वाचे अन् चपला घालून निघे. जात पाहे ना पात. अन् आज तिच्याच दारात कोनी नाही. असं काय वाईट केलं होतं तिनं लोकायचं?”

आणि म्हातारा माणूस सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडायला लागला.

सुकरामचा बाप गेला तेव्हा हीच बाई सगळ्यांच्या आधी येऊन त्याच्या आईला धरून बसली होती. तो उठला. “आलोच काका,” म्हणाला आणि गाडीला किक मारली.

पहिलंच घर भूपेंद्रचं. गाडीचा आवाज ओळखून आतूनच उत्तर आलं, “आमी केबल काढली ना गा सुकराम! आता कायले येऊन राहिला?”

“केबलचं नाही म्हनत मी...”

“नाही पायजे म्हनलं ना! सारे मोबाईलवरच पाहून राहिले!”

दार काही उघडेना. वर्षभर सुकराम दारोदार ‘नका काढू हो’ करत फिरलेला. त्याला पाहिलं की लोक आता दारच लावून घेत, अन् त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण आज सुकरामचं डोकं फिरलं. गाडी तिथेच उभी करून तो भर गल्लीत बोंबलला.

“जमुनाबाई पटले गेली हो! माती अटकून राहिली! या हो!”

दार उघडलं. भूपेंद्र बनियानवरच बाहेर आला, हातातला मोबाईल अजून बोलतच होता. “कोन? आपली जमुनाबाई? अन् आमाले सांगितलं काऊन नाही कोनी?”

सुकरामच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, “आता सांगून राहिलो ना,” आणि पुढच्या गल्लीत शिरला.

तिथंही तेच. आधी ‘केबल नको’, मग आरोळी, मग दार. एका घरातून तर कोणीतरी जुना डब्बाच त्याच्या हातात द्यायला निघालं. बाजारचौक झाला, नाक्यापलीकडची वस्ती झाली. बाया डोक्यावर पदर घेत निघाल्या, दुकानदारांनी शटर अर्धं ओढलं. “बरं झालं गा आला,” एक म्हातारी म्हणाली, “नाही तं केशोरावाले तोंड कसं दाखवलं असतं?”

तो परतला तेव्हा माणसं अंगणात मावत नव्हती, रस्त्यापर्यंत उभी होती. खांदा द्यायला भूपेंद्र सगळ्यात पुढे होता.

केशोराव गर्दीतून वाट काढत सुकरामजवळ आले. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

“पाह्यलं?” त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. “हा माहा पोट्टा म्हने, केबल काढून टाक बाबा, आता कोन पाहते. मी म्हनो, पट्टी वाचली का लोकं येतेत. आले का नाही?”

तिरडी उचलायची हाक झाली. दोन पावलं पुढे जाऊन म्हातारा पुन्हा मागे वळला.

“माह्या वेळेसबी तूच चालवजो गा पट्टी. विसरू नोको.”

ओरडून ओरडून सुकरामचा घसा पार बसला होता. त्यानं नुसती मान डोलावली.