आईच्या हातची साखर

रविवारची संध्याकाळ झाली, तरी आई प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींना साखर घालत बसली होती. तिला जेवायला न्यायला आलेली लेक दारातच ताटकळली होती.

"सुट्टीच्या दिवशीही यांचेच लाड? पोटच्या पोरीला विसरलीस वाटतं."

"अगं, ही साधी साखर नाही. पेशी ती खातात आणि दागिना चढवावा तशी आपल्या प्रथिनांवर चढवतात. मग फक्त या साखरेला धरणारा रंग सोडला, की ती कुठे कुठे पोचली ते दिसतं." आईने बशीवरची नजर काही काढली नाही. "तू हो पुढे, काहीतरी खाऊन घे. मी आलेच."

ती आलीच नाही. वाटेतच तिचं हृदय बंद पडलं.

आठवड्याने आईच्या विद्यार्थिनीने लेकीला बोलावून घेतलं. "ताई, मॅडमचा प्रयोग अर्धा टाकवेना. रंग मी घातला. बघता?"

लेकीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्याभोर अंधारात एकूण एक पेशी हिरवीगार उजळली होती.

"हे चमकतंय ना, ती मॅडमनी त्या रविवारी घातलेली साखर," विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "त्यांच्या हातचं शेवटचं."

चाळिशी ओलांडलेल्या लेकीने डोळा तसाच ठेवला. पेशींचे हे लाड आजवर तिने नेहमी थट्टेवारी नेले होते. आज ती त्या हिरव्या उजेडाकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"आई, आधी मला वाढायचंस ना गं."