वहिनीची विकेट

"आऊट व्हा," क्रिकेट असोसिएशनचा सेक्रेटरी म्हणाला. पाणी प्यायला खेळ थांबला होता आणि तो चामडी बूट घालून थेट पिचपर्यंत चालत आला होता.

"कोण, मी?" वहिनीने विचारलं.

"कोणीही. तुमची शेवटचीच जोडी आहे. एक विकेट पडली की सुटलो. संध्याकाळी दिव्यांखाली दहा ओव्हरची मॅच आहे, टीव्हीवाले येऊन बसलेत, आणि तुम्ही जेवणापासून नुसता बॉल अडवताय."

चार दिवसांच्या मॅचचा हा शेवटचा दिवस होता. वेळ संपेपर्यंत टिकलं तर ड्रॉ, नाहीतर हार. वहिनी टिकून होती. तिला सगळं मैदानच वहिनी म्हणायचं, कारण समोरच्या संघाची कॅप्टन तिची सख्खी नणंद होती. दोघींचं घरात पटत नव्हतं, मैदानात तर मुळीच नाही. हे दोन संघ समोरासमोर आले की एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ असलेला तो बिचारा फोन बंद करून बसायचा.

सेक्रेटरी कॅप्टनकडे वळला. "मग तुम्ही तरी ड्रॉ मान्य करा. हात मिळवा आणि मोकळ्या व्हा."

"हिच्याशी हात मिळवू? हिला आऊट केल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि तुम्ही पिचवरून बाजूला व्हा आधी. बूट बघा तुमचे."

"हिला मी विकेट देणार नाही," वहिनी म्हणाली. "आणि तुम्हाला तर नाहीच नाही."

"घरची भांडणं घरी करा हो!" सेक्रेटरीचा आवाज चढला. "बघतंय कोण तुम्हाला? स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. पुढच्या वर्षीपासून ही चार दिवसांची कटकटच बंद करतोय आम्ही. जिंकलात काय, हरलात काय, कुणाला पडलीय?"

हे दोघींनाही नवीन होतं. अंपायरबाईंनी सेक्रेटरीला हातानेच बाहेरची वाट दाखवली.

तो गेला, पण गेल्या गेल्या स्पीकर सुरू झाले. छातीत धडधडेल असा दणदणाट. चार माणसं सीमारेषेचा दोर संध्याकाळच्या मॅचसाठी आत ओढू लागली. अंपायरबाई ओरडल्या, "अहो, खेळ चालू आहे!" पण ते कोणाच्या कानापर्यंत पोचलं नाही.

समोरच्या टोकाला लंबू होती. नावाप्रमाणे उंच, संघातली सगळ्यात वेगवान बॉलर, आणि बॅटिंगला सगळ्यात शेवटी येणारी. ती तावातावाने वहिनीपाशी आली.

"वहिनी, पुरे करा ना. संध्याकाळच्या टीममध्ये मी आहे, तुम्ही नाही आहात. मला बघायला माणसं येणार आहेत आणि इथे माझे पाय भरून आलेत."

"बॅट सरळ ठेव. पायांचं नंतर बघू."

"तुमचं खेळून झालंय," लंबू म्हणाली. "माझं सुरू व्हायचंय अजून."

वहिनी आपल्या टोकाला परतली.

पुढच्याच बॉलला लंबूने डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल उंच उडाला. लंबूने वर पाहिलंसुद्धा नाही. बॅट काखेत मारली आणि ती पॅव्हेलियनकडे चालायला लागली.

बॉलखाली कॅप्टन उभी होती. तिला एक पाऊलही हलावं लागलं नाही. बॉल खाली येताना तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. धप्पकन तो तिच्या पायाशी पडला.

"कॅप्टन!" विकेटकीपर किंचाळली. "डोकं फिरलंय का? जिंकलो होतो आपण!"

"त्या सेक्रेटरीने ताटात वाढलेली विकेट मला नको." कॅप्टनने बॉल उचलला आणि लंबूला हाक मारली, "ए, परत ये. क्रीजमध्ये उभी राहा. रनआऊटसुद्धा करणार नाही तुला."

लंबू परत आली तेव्हा रागाने तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हा दोघींच्या हट्टापायी माझं वाटोळं," ती पुटपुटली.

ओव्हर संपली. पुढची ओव्हर कॅप्टनने स्वतःच घेतली आणि सगळ्या फिल्डर वहिनीभोवती आणून बसवल्या. वहिनीने सावकाश गार्ड घेतला. एक बॉल तिने पुढे येऊन दाबला, दुसरा सोडून दिला. तिसरा टप्पा पडताच झपकन आत वळला, उसळला, ग्लोव्हला निसटता लागला आणि शॉर्ट लेगच्या हातात जाऊन बसला.

कॅप्टन जिवाच्या आकांताने ओरडली. अंपायरबाईंनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. त्या गोंगाटात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. नॉट आऊट.

कॅप्टनने पुन्हा अपील केलं नाही. ती नुसती वहिनीकडे बघत राहिली.

ग्लोव्हच्या आत वहिनीचं बोट झिणझिणत होतं. ती तशीच उभी राहिली असती तर कोणी काही म्हणू शकलं नसतं. तिला सेक्रेटरीचा चेहरा दिसला, त्यावरचं हसू दिसलं, आणि क्षणभर तिने बॅट पुन्हा टेकवली. मग तिने ग्लोव्ह काढले आणि चालायला लागली.

पायऱ्यांवर सेक्रेटरी टाळ्या वाजवत उभा होता. "शाब्बास! ऐकलंत ना शेवटी माझं? उगाच इतका वेळ ताणलंत."

मागून कॅप्टन धापा टाकत आली आणि दोघांच्या मध्ये घुसली.

"तुमचं कोणी काही ऐकलेलं नाही. आऊट केलंय मी हिला."

सेक्रेटरी खांदे उडवून निघून गेला. त्याला तेवढा वेळही नव्हता.

दोघी पायरीवर उरल्या. एकमेकींकडे न बघता.

"चांगला वळला," वहिनी म्हणाली. नणंदेशी थेट बोललेलं हे दिवसभरातलं पहिलं वाक्य.

"माहितीये," नणंद म्हणाली. "मीच टाकला होता."