एक राहिलं

“एक राहिलं,” तियुर म्हणाली.

मांगिहुत चिडला. “काय राहिलं? निर्दोष, एका बायकोचा नवरा, संयमी, पाहुण्यांचं करणारा, शिकवण्यात हुशार, पिणारा नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. मोजून आठ झाले!”

“नऊ आहेत.” ती मागावर बसली होती. बायबल शेजारी उघडं, हात धाग्यांत.

“मग सांग ना.”

“तुम्हीच आठवा, उलीचे बाबा. पाळकसाहेब मला थोडेच विचारणार आहेत?”

कॉफी संपवून तो शेतावर गेला. बांधावरही पुटपुटतच होता.

आमच्या मंडळीत सिंतुआ, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा वडीलधारा, होणं म्हणजे खायचं काम नाही. दोन वर्षं दर गुरुवारी पाळकसाहेबांकडे शास्त्रपाठ. मग दोन रविवार भर उपासनेत नाव वाचतात. तिसऱ्या रविवारी डोक्यावर हात ठेवून काळा झगा घालतात, पण त्याआधी पाळक शेवटचं विचारतात, कोणाची हरकत आहे का? एक माणूस उठला की झगा परत कपाटात. पडलेलं नाव पुन्हा कधी वाचत नाहीत.

मांगिहुतचा बाप सिंतुआ होता, आजाही होता. बाप गेला तेव्हा तो झगा अंगणात वाळत घातलेला, आणि हा अकरा वर्षांचा पोरगा त्याच्या बाहीला धरून रडत होता. तेव्हापासून त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. वचनं तोंडपाठ, गळा गोड, रविवार कधी चुकवला नाही. चर्चचं छप्पर उडालं तेव्हा पहिला शिडीवर चढला तो हाच. गावात विचारा, कोणीही म्हणेल, माणूस सोन्यासारखा.

नाही म्हणायला धास्ती एकाच माणसाची होती. थोरला भाऊ, साहाला.

सहा वर्षांपूर्वी तियुर घराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मांगिहुत त्या वेळी घरी नव्हता म्हणे. साहालानं तिला उचलून दवाखान्यात नेलं आणि नंतर महिनाभर आपल्याच घरी ठेवून घेतलं. मांगिहुत आणायला गेला, तर दारातच अडवलं. “माझी बायको, माझं घर, तुला रे कशाला नसत्या उठाठेवी?” असं मांगिहुत चारचौघांत ओरडला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

“हरकत लेखी द्यावी लागते का हो?” आठ गुण मोजले त्याच्या दुसऱ्या दिवशी तियुरनं विचारलं.

“छे! उभं राहून बोललं की झालं. वहीत नाव पाहिजे मंडळीच्या, बस.”

“कोणीही?”

“कोणीही. म्हणून तर दादाची भीती वाटते. तू म्हणतेस तो नववा हाच असेल बघ. भावाशी समेट.”

“तो नाही,” ती म्हणाली. “पण जाऊन या. चांगलंच आहे.”

तिनं डुकराचं मटण रांधून दिलं. ते पातेलं डोक्यावर घेऊन मांगिहुत सहा वर्षांनी भावाच्या ओसरीवर चढला.

“दादा, माफ कर. मी तोंडाला येईल ते बोललो.”

साहालानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तियुर कशी आहे?”

“बरी आहे. तिनंच रांधलंय.”

“हात?”

“कधीच बरा झाला.”

साहालानं झाकण काढलं, एक घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिला.

“रविवारी तू उठणार का, दादा?”

“नाही.”

“देवाशपथ?”

“शपथ कशाला? माझं नाहीच ते बोलायचं काम.”

मांगिहुतनं त्याचे पाय धरले आणि ढसाढसा रडला. खोटं नव्हतं ते रडणं. घरी येताना वाटेत त्यानं तीन स्तोत्रं म्हटली.

“झालं!” त्यानं दारातूनच सांगितलं. “दादा उठणार नाही. तू माहेरी कळवलंस ना? मासा हवा हं.” बायकोच्या माहेरचा मासा ताटात पडल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच कार्य पुरं होत नाही.

“कळवलंय. तिघे भाऊ येतायत.”

“आणि मासा?”

“येतायत म्हटलं ना.” तिनं मागावरचं कापड गुंडाळून ठेवलं.

रविवारी चर्च गच्च भरलं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. तियुरचे तिघे भाऊ सरोवराच्या पलीकडून पहिल्या होडीनं आले आणि मागच्या बाकावर बसले. हात रिकामेच होते. मासा होडीतच ठेवला असेल, मांगिहुतला वाटलं. नवा पांढरा सदरा घालून तो वेदीपुढे उभा राहिला.

“सिंतुआ कसा असावा?” पाळकसाहेबांनी विचारलं.

तो घडाघडा बोलला. भांडखोर नसावा, म्हणताना त्यानं भावाकडे पाहिलं. पाळकसाहेब वयस्कर, त्यांनी समाधानानं मान डोलावली. मोजलं कोणी?

“मंडळीत कोणाची हरकत आहे का?”

मांगिहुतची नजर साहालावर खिळली. साहाला खाली मान घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. हलला नाही. मांगिहुतनं श्वास सोडला आणि डोळे मिटून डोकं पुढे केलं.

डावीकडे बाक करकरला.

तियुर उभी होती. उजवा हात वर होता, वाकडं मनगट सगळ्यांना दिसेल असा.

“पाळकसाहेब, यांचं एक राहिलं,” ती म्हणाली. “मारकुटा नसावा.”